नवतपातली वही

शहराचा ताप पेपरात पहिल्या पानावर येतो :
सेहेचाळीस पूर्णांक दोन, सेल्सिअस.
मामंजींचा कुठेच छापून येत नाही,
म्हणून मी वही केली.
तो फॅरेनहाइटमध्ये.
एकाच घरात दोन मापं,
अबोला धरलेल्या जावांसारखी.

गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत
भिंत रात्री दहालाही पोळते.
कडी, उशी, नळाचं पाणी,
उतरंडीवरचा पितळी डबासुद्धा.
कपाळाला हात लावून कळणार काय?
तळवा लावा, पालथा लावा,
हातच तापलेला.

बारापात्रे डॉक्टर म्हणाले,
अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा हा सगळ्यांचा आकडा,
म्हणजे नेमका कोणाचाच नाही.
म्हातारं शरीर थंड चालतं.
ते धडधाकट आहेत तोवर मोजून ठेवा,
पहाटे आणि संध्याकाळी,
जिभेखाली, चहानंतर अर्धा तास थांबून.

पहाटे ९६.७. संध्याकाळी ९७.९.
पहाटे ९६.६. संध्याकाळी ९७.८
(दुपारी झोपले नाहीत, कैरीचं पन्हं दोनदा).
पहाटे ९६.८.
तिसऱ्या दिवशी मामंजी भडकले :
"चाळीस वर्सं म्या कांड्या भरल्या मागावर,
आता तू माह्या तोंडात कांडी भरून रायली.
मले झालं काय?"
काही झालं नाही, म्हणूनच मोजते, मी म्हटलं.
त्यांनी जरा वेळ छताकडे पाहिलं.
"हव. दर मागाचा ताण येगळा रायते," म्हणाले,
"चांगला चालते तवाच हात ठेवून पाहा लागते,
मंग बिघडला का समजते."
आणि तोंड उघडलं.

नवतप्याचा सातवा दिवस.
पहाटे ९९.३.
हे दात घासत म्हणाले, शंभरच्या आत आहे,
ताप म्हणतात तो शंभर पॉइंट चारपासून,
ऊन लागलं असेल, खिशात कांदा ठेव.
मी वही उघडून समोर धरली.
बोट वरून खाली नेलं, सहा पहाटा,
एकही सत्त्याण्णवला शिवलेली नाही.
ह्यांनी चूळ भरली, पुन्हा पाहिलं.
तेवढ्यात खाटेवरून आवाज आला,
"कुमुद, कूलर बंद कर वं."

नागपुरात, मे महिन्यात,
कूलर बंद कर म्हणणारा माणूस.
खरं तर याहून दुसरी कांडी नको होती.

मेयोत रांग होती, बाकांनाही चटका होता.
तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी
वहीची पानं मागे-पुढे केली,
विचारलं, हे कोणी लिहिलं?
मग लघवी तपासायला पाठवली.
जंतू निघाले.
संध्याकाळी आकडा एकशे एक पूर्णांक आठवर गेला,
तेव्हा तो सगळ्यांनाच दिसला,
ह्यांनाही.
तोवर सलाईनची अर्धी बाटली
मामंजींच्या हातात उतरली होती.

चौथ्या दिवशी घरी आलो.
पहाटे ९६.९. थोडा वर, चालेल.
कूलर चालू करा म्हणाले, तेही वहीत लिहिलं,
आकडा नसूनही.

त्या रात्री वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं,
भांडी पालथी घातली,
आणि उगाच, कोणी पाहत नाही असं बघून,
थर्मामीटर माझ्या जिभेखाली ठेवला.
अठरा वर्षं या घरात.
लेकाचे ताप मोजले, ह्यांचे मोजले,
माझा हातानेच,
तोही माझ्याच हाताने.
टीं टीं वाजलं.
समासात लिहिला : ९८.१.

"कोनाचा हाय?" अंधारातून मामंजी.
माझा, मी म्हटलं. आकडा सांगितला.
जास्त आहे का कमी, विचारलंही.
"एकल्या आकड्यावरून काई समजत नाई," ते म्हणाले
आणि कूस वळले.
"उद्या पहाटे पुन्हा घे.
चहाच्या आंदी."